वाचायचा नंबर आला की चहा: सोलापुरातल्या एका घरगुती मंडळीचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच गटाचं आहे. नावं काढली आहेत, गल्ल्या आणि वार बदलले आहेत. ज्यांच्याबद्दल जास्त लिहिलंय त्यांना आधी वाचून दाखवलं आहे. गटात हजेरीची आणि पैशांची वही माझ्याकडे असते. मी नर्स होते, म्हणून दवाखान्यात सगळे सिस्टर म्हणायचे. मंडळीत, म्हणजे आमच्या ख्रिस्ती उपासक समुदायात, तर सगळ्याच सिस्टर, त्यामुळे निवृत्तीनंतरही तेच नाव चालू राहिलं.

पार्श्वभूमी

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि शहरातल्या चर्चची दारं बंद झाली. ती उघडली तरी सगळे परत आले नाहीत. कोणाला रिक्षाभाडं जड, कोणाचे गुडघे गेलेले, कोणाला फोनवर उपासना ऐकायची सवय लागलेली. आमच्या चर्चमधले एक वडील, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ सभासद, एस.टी.तून निवृत्त झालेले, अक्कलकोट रोडच्या बाजूला राहतात. त्यांना मी इथे काका म्हणते आणि त्यांच्या पत्नीला काकू. २०२१च्या पावसाळ्यात त्यांनी रविवारी संध्याकाळी घरी सभा सुरू केली. कॉटेज मीटिंग, म्हणजे घरातली प्रार्थनासभा, आमच्याकडे जुनीच, पण ती महिन्यातून एकदा, फिरती. ही दर आठवड्याची आणि एकाच घरात. पहिल्या दिवशी आम्ही नऊ जण होतो.

पाळकसाहेबांची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची, परवानगी घेतली होती. त्यांनी एकच अट घातली: प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) आणि बाप्तिस्मा (पाण्याने होणारा दीक्षाविधी) चर्चमध्येच, घरी नाही. ती आम्ही आजही पाळतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सगळे चर्चला जातात.

सभेचा क्रम ठरलेला. दोन गीतं, बहुतेक वेळा त्यातलं एक रेव्हरंड टिळकांचं. मग प्रार्थना. मग बायबलचा एक अध्याय, सतरंजीवर बसलेल्या प्रत्येकाने आळीपाळीने त्यातलं एकेक वचन, म्हणजे एकेक क्रमांकाचं वाक्य, वाचायचं. मग काका अर्थ सांगणार, मग साक्षी (देवाचे आपले अनुभव), प्रार्थनेच्या विनंत्या, आशीर्वाद आणि चहा.

हे आळीपाळीने वाचणं आमच्यात कुठून आलं ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आलं, १८३१ मध्ये अहमदनगरला गेलं आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात पोचलं. जिथे चर्च तिथे शाळा, असा त्यांचा शिरस्ता. आमच्या आज्या, ज्यांना गावात कोणी पाटीला हात लावू दिला नसता, त्या मिशनच्या शाळेत वाचायला शिकल्या. माझी आई तर अशाच एका शाळेत शिकवायची. स्वतःच्या तोंडाने वचन वाचणं हा आमच्या घराण्यांचा अभिमान. एखाद्याला ते जमत नसेल, हे मनात येतच नाही.

२०२२ मध्ये एक तेलुगू बहीण आल्या, त्यांना मी इथे अक्का म्हणते. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू घराघरात बोलली जाते. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेली विणकर कुटुंबं, पुरुष यंत्रमागावर, बायका विड्यांवर. त्यातली बहुसंख्य पद्मशाली आणि हिंदू. ख्रिस्ती घरं थोडीच. अक्का माहेरपासून ख्रिस्ती. त्यांच्या मागोमाग त्यांची जाऊ, भाची, विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, दोन शेजारणी, त्यांची मुलं. दीड वर्षात वहीत चौतीस नावं झाली. बाहेरची खोली दहा बाय बारा.

अडचण

जागा पुरेना, ही आमच्या तोंडची अडचण होती. बोळात चपलांचा ढीग, मोटरसायकली आडव्यातिडव्या. मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीसच्या वर जातो. पत्र्याखाली चौतीस माणसं आणि एक टेबलफॅन. शेजारच्या मुलाची दहावी होती. त्याची आई एकदा दारात येऊन म्हणाली, “काका, तुमचं गाणं-बिणं चांगलं असतंय ओ, पण ढोलकीनं पोराचं डोकं उठलंय.” ती रागावून बोलली नव्हती. पण त्याच आठवड्यात गल्लीच्या टोकाला दोन पोरांनी काकांना अडवून विचारलं, इतके लोक कशाला जमवता, धर्म बदलता काय त्यांचा? काकांनी त्यांना आत बोलावून चहा पाजला, वही दाखवली. प्रकरण तेवढ्यावर मिटलं, पण काकू आठवडाभर नीट झोपल्या नाहीत.

म्हणून विषय जागेचा झाला. मीही तेच म्हणत होते.

मात्र हजेरीत एक गोष्ट खटकत होती. तेलुगू बहिणी एक रविवार यायच्या, दोन बुडवायच्या. याचं कारण मी पाणी धरलं. आमच्या शहराला शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीचं पाणी येतं आणि नळाला ते चार-पाच दिवसांआड. पाण्याच्या दिवशी घरची बाई हलू शकत नाही, मग सभा असो की लग्न. मी वहीच्या मागच्या पानावर त्यांच्या भागातल्या पाण्याचे दिवस लिहून हजेरीशी ताडून पाहिले. निम्म्या गैरहजेरीचा हिशेब लागला. उरलेल्या निम्म्याचा लागला नाही.

दोन प्रसंग तेव्हा माझ्या डोळ्यांसमोरच घडले होते आणि मी ते पाहूनही पाहिले नव्हते.

पहिला बायबलातल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचा. काकांनी विचारलं, “तारण कशाने मिळतं?” आमच्यात तारण म्हणजे पापातून सुटका. कोणी बोलेना, म्हणून त्यांनी प्रेमाने अक्कांकडे पाहिलं. अक्का म्हणाल्या, “सोनं ठेवलं की.” खोली हसली. काकाही हसले, मीही हसले. आमच्या चौकाचौकात सोनेतारण कर्जाच्या पाट्या आहेत. ज्या बाईने तारण हा शब्द फक्त तिथेच ऐकला, तिने दुसरं काय सांगावं? तेलुगू बायबलात तारणाला रक्षण म्हणतात. आमच्यातलं कोणी एवढं सांगितलं असतं, तर काम झालं असतं. त्या दिवसानंतर अक्कांनी सभेत तोंड उघडलं नाही. मी त्याला त्यांचा लाजाळू स्वभाव समजले.

दुसरा प्रसंग एकदाचा नव्हे, दर रविवारचा. वाचन सतरंजीच्या एका कोपऱ्यापासून सुरू होई. वचनं सरकत सरकत अक्कांच्या आधीच्या बाईपर्यंत आली की अक्का उठायच्या. “काकू, आधण ठेवते.” त्यांच्या मागे जाऊ, कप काढायला. काकू कौतुकाने म्हणायच्या, “किती कामाची बाई!” मीही म्हणायचे. वर्षभर म्हणत होते.

कोणते पर्याय होते

काकांच्या मनात हॉल होता. जवळच्या एका शाळेची खोली रविवारी संध्याकाळी भाड्याने मिळत होती. पण भाडं भरायचं तर वर्गणी नेमाने हवी, वर्गणी नेमाने आली की खातं हवं, खातं कोणाच्या नावाने? काकांच्या स्वतःच्या खात्यात मंडळीचे पैसे घेणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट मार्ग. ट्रस्ट करायचा तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदणी आली, तीन महिन्यांच्या आत धर्मादाय कार्यालयात अर्ज, मग दरवर्षी हिशेब. चुकीचं काही नाही त्यात, पण चौतीस माणसांसाठी तो संसार मोठा. काकूंचा भाचा दुबईहून पैसे द्यायला तयार होता. तो भारतीय नागरिक, स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवणार, म्हणजे ती कायद्याने विदेशी देणगी ठरत नाही. पण त्याच्यासोबत त्याचा एक परदेशी मित्रही हातभार लावणार होता. तो पैसा विदेशी अंशदान अधिनियमात, म्हणजे २०१०च्या कायद्यात बसला असता आणि त्याची नोंदणी आमच्याकडे नव्हती. दोघांनाही नको म्हटलं. हा निर्णय पाच मिनिटांत झाला आणि त्याबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही.

दुसरा पर्याय चर्चच्या कमिटीतून आला: शहरात तेलुगू मंडळ्या आहेतच, त्यांना तिकडे पाठवा, तुमची गर्दी आपोआप कमी होईल. कागदावर हे बरोबर होतं. अक्कांच्या जावेलाही ते पटलं असतं. पण त्यांची मुलं मराठी शाळेत शिकतात, आपसात मराठीत भांडतात आणि रविवारच्या गीतांना तीच सगळ्यात मोठ्याने गातात. आई एका मंडळीत आणि मुलगा दुसऱ्या, असं होणार होतं. खरं सांगायचं तर त्या सूचनेत “आपली” आणि “त्यांची” असा एक वास होता, तो मला आवडला नाही. त्यामागे तेलुगू गटातल्या काहींची प्रौढ बाप्तिस्म्याची शिकवण हेही कारण होतं. लहान बाळांना बाप्तिस्मा देणारी आमची मंडळी त्याने अस्वस्थ होत होती.

तिसरा पर्याय, सभा बंद करून पुन्हा महिन्याची कॉटेज मीटिंग. काकूंना मनातून तो हवा होता, असं मला आता वाटतं. त्या बोलल्या नाहीत आणि आम्ही विचारलं नाही.

चौथा, दोन घरं. कोणाचं घर दुसरं, कोण शिकवणार, कोणत्या भाषेत, यावर तीन बैठका झाल्या. तिन्ही बैठकांत एकही तेलुगू बहीण नव्हती.

निर्णयाच्या जागा

पहिली जागा तीच. तिसऱ्या बैठकीत काकांनी बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढला, काम वाटून घेण्यासाठी सात जण निवडल्याचा. काका कामाच्या वाटणीबद्दल बोलत होते, मी पहिल्या वचनावर अडकले. तिथली तक्रार भाषेवरून फुटलेली आहे. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जात होतं. आणि पुढे जे सात निवडले, स्तेफन, फिलिप्प वगैरे, त्यांची सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे तक्रार करणाऱ्यांच्याच हातात वाटणी दिली. एवढ्या वर्षांत हा अध्याय मी कितीदा वाचला असेन, हे कधी दिसलं नव्हतं. मी म्हटलं, “काका, आपण अक्कांना विचारलंय का?” काका म्हणाले, “त्या काय बोलणार? बोलतच नाहीत.”

बुधवारी दुपारी मी विडी घरकुलात गेले. अक्का दारातल्या सावलीत बसून भिजवलेली पानं पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापत होत्या. मांडीवरचं सूप बाजूला सारलं. मी जागेबद्दल विचारलं. हॉल हवा की दुसरं घर? त्या बराच वेळ पानंच कापत राहिल्या.

“जागेचं काय नाही ओ सिस्टर. दाटीवाटीत बसायची सवय हाय आम्हाला. पण ते वाचायचा नंबर येतंय ना, तेव्हा पोटात गोळा येतंय.”

मी म्हटलं, तेलुगूत वाचा की मग.

“तेलुगू पण वाचाय येत नाही. माझ्या बहिणीला थोडं येतंय. बाकी कोणालाच नाही.”

आणि मग, कापलेलं पान गड्डीवर ठेवत: “म्हणून तर चहा करते.”

मी तिथे काय बोलले ते आठवत नाही. परत येताना रिक्षात बसले आणि दर रविवारचे ते कप एकेक करून डोळ्यांसमोर आले.

दुसरी निर्णयाची जागा विड्यांची. अक्का म्हणाल्या, गुरुवारी दुपारी त्यांच्याकडे जमलं तर दहा-बारा बायका येतील, पण हातातलं काम ठेवून नाही. मजुरी हजार विड्यांवर मिळते. दोन तास हात थांबले की तेवढे पैसे गेले. आमच्यातले एक भाऊ ताडकन म्हणाले, “वचनाच्या जागी तंबाखू? उद्या दारू भरायलाही बसतील.” वाद तापला. तंबाखूचं काय नुकसान होतं ते दवाखान्यात तीस वर्षं पाहिलेल्या माझ्याइतकं त्यांना माहीत नसावं. पण ज्या बाईच्या घरात त्यावर चूल पेटते, तिला आधी सूप खाली ठेव मग देवाचं ऐक, असं सांगायला माझी जीभ वळेना. अक्कांच्या जावेनेच मार्ग काढला: सभेत फक्त पानं कापायची, तंबाखू भरायचा नाही, लहान बाळं असतात, भुकटीने खोकतात. भाऊ समाधानी झाले नाहीत. ते गुरुवारी कधीच आले नाहीत.

तिसरी जागा, फूट म्हणायचं की वाढ. आम्ही भाषेने गट पाडला नाही. रविवार काकांकडे, गुरुवार अक्कांकडे. कोणीही कुठेही जावं, अध्याय दोन्हीकडे एकच.

काय केलं

आळीपाळीचं वाचन बंद. हे सगळ्यात अवघड गेलं आणि विरोध मराठी बाजूने झाला, त्यात मी आले. आता फोनवरून अध्याय तेलुगूत ऐकतो, मग एक जण मराठीत वाचतो, मग कोणीतरी ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगतं. दोनच प्रश्न: काय घडलं? आणि आपल्यात कोणाला असं झालंय का? सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानाने, म्हणजे येशूच्या चरित्राने, केली. सोळा अध्याय आहेत आणि सगळी धावपळ, गोष्टीमागून गोष्ट. पौलाची पत्रं पुढे ढकलली.

भिंतीवर एक पुठ्ठा लावला, अडणाऱ्या शब्दांचा. तारणासमोर रक्षण. मंडळीसमोर संघम्. हा शब्द अक्कांच्या मुलाने गल्लीत मोठ्याने उच्चारला, “आज संघम् आहे”, तेव्हा ती दोन पोरं गोंधळून गेली म्हणे. कृपा दोन्हीकडे कृपाच निघाली.

पाण्याच्या वेळापत्रकाची वही आता अक्कांच्या भाचीकडे. गुरुवारी पाणी असेल तर सभा शुक्रवारी, निरोप आदल्या रात्री. दानाचा स्टीलचा डबा दोन जणींसमोर उघडतो, आकडा त्याच दिवशी सगळ्यांना सांगतो. त्या दोघींत एक तेलुगू असतेच.

काकांकडची ढोलकी गेली, खंजिरी आली, तीही साडेसातपर्यंतच. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, असं कोणीतरी शोधून काढलं. पण आम्ही मर्यादा मानली ती दहावीच्या पोराची. नाताळात त्याच्या आईने शेंगापोळ्या पाठवल्या.

काय झालं

गुरुवारी चौदा ते अठरा जणी येतात. अक्का गोष्ट सांगतात आणि काय सांगतात! एकदा पौलाच्या लांबलेल्या प्रवचनात खिडकीत बसून पेंगणाऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावरून पडलेल्या युतुखाचा प्रसंग सांगताना त्यांनी पाहुणे म्हणून आलेल्या काकांकडे बघितलं आणि थांबल्या. बायका पोट धरून हसल्या. काका तेव्हापासून पंधरा मिनिटांत आटोपतात.

रविवार मात्र ओसरला. काही महिने अकरा-बारावर आला, आता वीसच्या आसपास आहे. दोन कुटुंबं बाप्तिस्म्याच्या मुद्द्यावर दुसऱ्या मंडळीत गेली. तो वाद आम्ही मांडलाच नाही, टाळला, आणि टाळलेल्या वादाने माणसं गेली. एका बैठकीत पाळकसाहेबांसमोर बसून दोन्ही बाजू ऐकायला हव्या होत्या. पटलं नसतं कदाचित, पण जाणारे न बोलता गेले नसते.

काकूंचं दुःख मला उशिरा कळलं. त्यांच्या घरात चौतीस माणसं बसायची. जागा अपुरी म्हणून आम्ही महिनोन्‌महिने कण्हलो आणि एका संध्याकाळी खोली अर्धी रिकामी. “माझ्या घरात काय कमी पडलं गं?” एवढंच त्या म्हणाल्या. ज्या घराने सुरुवात केली त्याला गट हलवण्याआधी विचारावं, एवढी साधी गोष्ट आमच्या तीन बैठकांत कोणाच्या डोक्यात आली नाही. अक्कांना विचारलं नाही तसंच काकूंनाही नाही.

आज वेगळं काय केलं असतं

पहिल्या महिन्यातच घरोघरी जाऊन विचारलं असतं: घरात कोणती भाषा, कोणाला काय वाचता येतं, कोणाचे हात कधी मोकळे. सभेत चौघांदेखत नाही, घरीच. हजेरीच्या वहीत गैरहजेरीचं कारण लिहायचा रकाना ठेवला असता आणि तो अंदाजाने भरला नसता.

विड्यांचा प्रश्न अजून मिटलेला नाही. भाऊंचं म्हणणं मला पूर्ण खोटं वाटत नाही. अक्कांच्या भाचीने शिवणकामाचा वर्ग लावलाय, त्याची फी डब्यातून जाते. त्यावर मतं दोन आहेत.

आता अक्कांची खोलीही भरायला लागली आहे. परवा कोणीतरी पुन्हा हॉलचा विषय काढला. मी म्हटलं, थोडं थांबा. गेले तीन गुरुवार एक नवीन आजी, कन्नड बोलणाऱ्या, गोष्ट अर्ध्यावर आली की चहाला उठतात. वाचायचा नंबर तर आता कोणालाच नसतो. मग त्या का उठतात? बुधवारी त्यांच्याकडे जायचं ठरवलं आहे, अक्कांच्या जावेला घेऊन, तिला कन्नड येतं.